पालखीच्या वाटेवर वसलेले पुणे

ज्येष्ठ वद्य नवमीला पुण्यात दोन पालख्या येतात. ज्ञानेश्वर महाराजांची आळंदीहून निघते, तुकाराम महाराजांची आदल्या रात्रीचा आकुर्डीचा मुक्काम हलवून येते. तिथीचा क्षय झाला तर दिवस मागेपुढे होतो, आधी अधिक महिना पडला तर जूनऐवजी जुलै उजाडतो. एरवी क्रम ठरलेला. संध्याकाळपर्यंत दोन्ही पालख्या शहरात शिरतात, रात्री आपापल्या विठोबाच्या देवळात विसावतात, दशमीचा दिवस मुक्कामाला काढतात आणि एकादशीला सकाळी पुढे निघतात. वर्तमानपत्रांतून या दिवसाची बातमी नेहमी पालख्यांच्या स्वागताची असते. शहर यजमान आणि पालखी पाहुणी, असा तिचा सूर. इतिहास मात्र उलटा आहे. पालखी पहिल्यांदा या बाजूने गेली तेव्हा शनिवारवाडा नव्हता, नाना पेठ नव्हती, भवानी पेठ नव्हती. मुठेच्या काठी एक कसबा होता आणि त्याच्या आसपास थोडी वस्ती. नवमीची ही एका दिवसाची चाल नीट पाहिली तर तिच्या कडेकडेने शहर कसे वाढत गेले ते दिसते.

पंढरीची वारी ज्ञानेश्वरांच्याही आधीची. त्यांच्या घराण्यात पूर्वीपासून वारी होती, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतरची जवळजवळ चारशे वर्षे वारकरी आपापल्या गावाहून, आपापल्या वाटेने, आपापल्या सोबत्यांबरोबर पंढरपूरला जात राहिले. संतांच्या पादुका पालखीत ठेवून, मागेपुढे दिंड्या लावून जाण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ती घालून दिली तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी ते आईच्या पोटात होते. वडिलांना त्यांनी पाहिलेही नाही. सन १६८५ मध्ये त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घेतल्या, आळंदीला येऊन त्याच पालखीत ज्ञानेश्वरांच्या पादुका ठेवल्या आणि पंढरीची वाट धरली. ‘ज्ञानबा-तुकाराम’ हा आज रस्त्याने अखंड ऐकू येणारा घोष या एकत्र पालखीतला, असे मानले जाते.

ते वर्ष कसले होते हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. औरंगजेब दख्खनेत उतरून तीन-चार वर्षे झाली होती आणि १६८५ मध्येच त्याच्या फौजा विजापूरला वेढा घालून बसल्या होत्या. रायगडावर संभाजी महाराज होते. पुणे प्रांत दोन्ही बाजूंच्या स्वाऱ्यांनी पिळून निघालेला. पुढे १६९५ पासून चार वर्षे बादशहाची छावणीच भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला होती, म्हणजे पंढरपूरच्या अगदी शेजारात. त्या धामधुमीत विठ्ठलाची मूर्ती देवळातून हलवून आसपासच्या गावात लपवून ठेवावी लागल्याच्या हकिकती आहेत. अशा काळात एकेकट्याने पंढरीला जाण्यापेक्षा घोळक्याने जावे, निशाण-पताका घेऊन उघडपणे जावे, हा विचार भक्तीइतकाच व्यवहाराचाही असणार. निदान मला तरी तसे वाटते. नारायण महाराजांच्या कामाची दखल राज्यकर्त्यांनीही घेतली. छत्रपती शाहू महाराजांनी देहू, येलवाडी आणि किन्हई ही गावे त्यांना इनाम दिली.

आणि पुणे? शहाजीराजांच्या जहागिरीतला कसबा, एकदा उजाड होऊन पुन्हा वसवलेला. लाल महाल होता, कसबा गणपती होता, नदीकाठची काही जुनी देवळे आणि दर्गे होते. शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला गेला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. तोवर देहू-आळंदीची पालखी सत्तेचाळीस वर्षांची झाली होती. पेशव्यांचे बस्तान बसल्यावर पेठा वाढत गेल्या. नागझरी हा पूर्वेकडचा ओढा ही बराच काळ गावाची सीमा होती. पेशवाईच्या उत्तरार्धात वस्ती तिच्याही पलीकडे गेली. नाना फडणविसांच्या नावाची नाना पेठ, तिच्या लगतची भवानी पेठ, ही त्या काळातली भर. आज दोन्ही पालख्या मुक्कामाला थांबतात त्या याच दोन पेठांत. तुकाराम महाराजांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात, ज्ञानेश्वर महाराजांची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. निवडुंगाच्या झुडपात मूर्ती सापडली म्हणून निवडुंग्या विठोबा, असे सांगतात. कथा खरी-खोटी कशीही असो, तिथे एके काळी निवडुंग माजलेला होता, म्हणजे ते गावाबाहेर होते, एवढे त्या नावावरून कळते.

पालखी शनिवार-सदाशिव-नारायण पेठांत का थांबत नाही, असे कोणी तरी दरवर्षी विचारतो. आणि उत्तरही तयार असते: पेशवाईतले ब्राह्मणी पुणे आणि कुणब्या-माळ्यांचा वारकरी पंथ यांचे जमणार कसे? या उत्तरात थोडे तथ्य असेल, पण मला साधा भूगोल जास्त पटतो. पायी चालणारा मोठा जमाव गावाच्या मध्यात उतरत नाही. त्याला मोकळी जागा लागते, पाणी लागते, बैलांना चारा लागतो, शिधा लागतो आणि सकाळी उठून पुढच्या वाटेला लागायला सोपे पडेल अशी बाजू लागते. पंढरीची वाट पुण्याच्या पूर्वेला, हडपसरकडे जाते. नाना आणि भवानी पेठ त्या तोंडावर. धान्याच्या आणि भुसार मालाच्या पेढ्या तिथेच, लाकडाच्या वखारी तिथेच. भुसार बाजार पुढे गुलटेकडीला गेला, पण कित्येक पिढ्या दिंड्यांना गहू, डाळ, गूळ पुरवणारे व्यापारी या पेठांतले होते. मुक्कामाच्या जागा अजूनही तिथेच आहेत. शहर पूर्वेला खराडी-वाघोलीपर्यंत पसरले, गावाबाहेरचे ते देऊळ शहराच्या पोटात गेले आणि पालखी जुन्या वेशीवर थांबत राहिली. पुण्याची अठराव्या शतकातली पूर्व सीमा नकाशाशिवाय दाखवायची तर नवमीच्या रात्री दोन्ही पालख्या जिथे उतरतात तिकडे बोट करावे.

एकाच्या दोन पालख्या झाल्या त्या एकोणिसाव्या शतकात. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुण्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पेशवाई बुडाली. त्यानंतरच्या दीड दशकात देहूकर वंशजांमध्ये पालखीच्या हक्कांवरून वाद वाढला. त्याचा परिणाम म्हणून १८३२ च्या सुमारास ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून वेगळी निघू लागली. ती काढणारे हैबतराव पवार आरफळकर, म्हणजे वारकऱ्यांचे हैबतबाबा. सातारा भागातल्या आरफळचे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. गावी परतताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना लुटून गुहेत कोंडले, तिथे त्यांनी हरिपाठ धरला, टोळीच्या नायकाला त्याच वेळी मूल झाले आणि त्याने त्यांना सोडले; मग घरी न जाता ते आळंदीला आले ते कायमचे, अशी त्यांची कथा. १८३६ मध्ये ते वारले. आळंदीच्या मंदिरात जाताना महाद्वारात पहिली पायरी लागते ती हैबतबाबांची. तिला हात लावल्याशिवाय वारकरी आत जात नाही. प्रस्थानाच्या दिवशीही तिथे पूजा होते. सोहळ्याचे मालक म्हणून आजही मान आहे तो आरफळकरांचा.

सोहळ्याला त्यांनी दिलेले रूप अजून टिकून आहे आणि ते सरळ सरळ लष्करी आहे. सगळ्यांत पुढे बैलगाडीवर नगारा. मागे दोन अश्व: एक स्वाराचा, त्यावर बसलेल्याच्या हाती जरीपटका; दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. मग दिंड्या, मग रथ, मग पुन्हा दिंड्या. रथाच्या पुढच्या सत्तावीस दिंड्यांचा क्रम ठरलेला; मानाच्या एकूण दिंड्या सत्तेचाळीस. प्रस्थानाच्या दिवशी देवळात प्रवेश असतो तो या सत्तेचाळिसांना. आता मागे शेकडो दिंड्या असतात, पण त्यांचेही आकडे, त्यांच्याही जागा ठरलेल्या. हातात चोप घेतलेले चोपदार, मुक्कामाला तंबू, निघताना कर्णा. अश्व आणि तंबू पुरवण्याचा मान बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचा. शितोळे मूळचे पुणे प्रांतातले देशमुख आणि शिंद्यांचे सोयरे, महादजींची मुलगी बाळाबाई त्यांच्या घरात दिलेली. त्यांचे अश्व आजही पालखीच्या आधी अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. १८१८ नंतर मराठी फौजा विसर्जित झाल्या, पागा मोडल्या, छावण्या उठल्या. छावणी उठवण्या-बसवण्याची ती सगळी विद्या, कूच आणि मुक्काम यांची शिस्त, ज्यांना येत होती ती माणसे घरी बसली. हैबतबाबांनी ती विद्या पालखीला लावली. मराठ्यांच्या फौजेचा कूच कसा होत असेल याची आज कुठे कल्पना येत असेल तर ती पालखीत.

चोपदारांचे काम पाहायचे तर मुक्कामावरची समाजआरती पाहावी. दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो, चोपदार चोप उंच करतो आणि सगळा तळ गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकून घेतो, निवाडा करतो. त्यानंतर दिवसभरात हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी जाहीर होते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आरती होते. इतक्या माणसांच्या जमावात तक्रार मांडायची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

नवमीची चाल पहाटे सुरू होते. माउलींची पालखी प्रस्थानाच्या रात्री आळंदीतच, आजोळघरी असते. सकाळी ती आळंदी सोडते आणि थोड्याच वेळात थोरल्या पादुकांपाशी थांबते. तिथे आरती होऊन पुढे दिघी. भवानी पेठेपर्यंतचे अंतर पंचवीस ते तीस किलोमीटर. दिंडीतला वारकरी ते नुसते चालत नाही. भजनाची मालिका ठरलेली असते: सकाळी काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगुळ, जोगी, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. विणेकरी एकच, त्याच्या पुढे टाळकरी ओळीने, मध्ये मृदंगी, मागे डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया. रस्ता दुभाजकाचा असो की खड्ड्यांचा, ही रचना मोडत नाही. अलीकडे दिघी-कळसच्या बाजूला रस्त्याकडेच्या स्पीकरवर भावगीते आणि राजकीय पक्षांच्या शुभेच्छा इतक्या मोठ्याने चालतात की दिंडीतल्या दिंडीत अभंग ऐकू येत नाही. स्वागत करायचे असेल तर निदान दिंड्या पुढे जाईपर्यंत स्पीकर बंद ठेवावेत.

दिघीपासून लष्कराची हद्द सुरू होते. दिघी, कळस, विश्रांतवाडी हा पट्टा इंग्रजांनी दारूगोळा आणि पलटणी ठेवण्यासाठी घेतला आणि अजूनही तिथल्या मोठ्या जमिनी लष्कराकडे आहेत. म्हणून आळंदी-पुणे रस्त्याच्या काही भागात कुंपणे, झाडे आणि मोकळे माळ दिसतात. देहूच्या पालखीचा अनुभव वेगळा. ती आकुर्डीहून पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी मुंबई-पुणे रस्त्याने येते, म्हणजे विसाव्या शतकातल्या कारखान्यांच्या पट्ट्यातून. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडली की बोपोडी आणि खडकी. खडकी ही लढाईनंतर वसलेली छावणी. ज्या माळावर पेशवाईचा निकाल लागला त्याच्या कडेने तुकोबांची पालखी जाते. रस्त्याला समांतर रूळ आहेत. पुण्यापर्यंत रेल्वे आली ती १८५८ मध्ये, पालखीनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

रेल्वेचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी थेट पंढरपूरला गेली. पुण्याहून कुर्डुवाडी आणि तिथून पंढरपूर, चालण्याचे दोन-अडीच आठवडे वाचवणारी सोय. यात्रेकरू गाडीने जाऊ लागले, तेही मोठ्या संख्येने, पण पायी वारी आटली नाही. इंग्रज अधिकाऱ्यांना वारीची चिंता होती ती पटकीमुळे. आषाढीच्या गर्दीतून साथ गावोगाव पसरते हे त्यांच्या कागदपत्रांत पुन्हा पुन्हा येते. लस, पाण्याचे टँकर, फिरते दवाखाने, आता फिरती शौचालये, ही सगळी व्यवस्था त्या चिंतेतून हळूहळू उभी राहिली. पालखीबरोबर आरोग्य खात्याच्या गाड्या असतात त्यांच्यामागे हा शतकभराचा अनुभव आहे.

माउलींची पालखी विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी असे करत मुळा ओलांडून येते. पाटील इस्टेट आणि संचेती चौकाच्या आसपास दोन्ही वाटा एकत्र येतात. इथे महानगरपालिकेचे स्वागत होते, महापौर असले तर महापौर, नसले तर आयुक्त. बहुधा तुकोबांची पालखी आधी शहरात शिरते, माउलींची मागून. मग फर्ग्युसन रस्ता. इथे चहाच्या हॉटेलांच्या आणि कपड्यांच्या दुकानांच्या रांगेत ज्ञानेश्वर पादुका चौक आहे आणि तुकाराम पादुकांचे देऊळही. नेहमी तिथून जाणाऱ्या पुणेकराला ही नावे पाठ असतात आणि ती तिथे का आहेत हे ठाऊक नसते. कॉलेजची स्थापना १८८५ ची. सध्याच्या जागेवर ते त्यानंतर आले. त्याआधी हे सगळे भांबुर्डे गावाचे शिवार, आजचे शिवाजीनगर. पालखी गावाबाहेरच्या शिवारात विसावा घेई. पुढे शिवारात रस्ता झाला, रस्त्याला कॉलेजचे नाव पडले. विसावा राहिला, आरती होते, रथ हलतो.

पुढे गुडलक चौक, खंडोजीबाबा चौक आणि लकडी पूल. नावात लाकूड आहे, पुलात ते आता नाही. मुठा ओलांडली की लक्ष्मी रस्ता, दागिने आणि साड्यांचा. नवमीच्या संध्याकाळी इथे दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्या भरलेल्या असतात. लक्ष्मी रस्ता पेशव्यांच्या काळचा नव्हे, जुन्या पेठांमधून नंतर काढलेला. आज पालखी ज्या वाटेने जुन्या पुण्याच्या मधोमध जाते, तीच मुळात नवी आहे. एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेकडचा मुक्काम ही दोन टोके जुनी. मधला रस्ता शहर बदलत गेले तसा पालखीने बदलला. वारीत परंपरा अचल असते असे जे सांगतात त्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही. जिथे हट्ट धरायचा तिथे धरला जातो: मानाच्या दिंड्यांचा क्रम, मुक्कामाची जागा, तिथी. रस्त्याबाबत, वाहनाबाबत, दिव्याबाबत वारकरी फारच व्यवहारी. बैलगाड्यांच्या जागी ट्रक आले, कंदिलांच्या जागी जनरेटर आले, कोणी हळहळले नाही.

पेठांतला मुक्काम ही एक वेगळीच गोष्ट. प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तीच. कोणाची दिंडी कोणाच्या वाड्यात, कोणाची धर्मशाळेत, कोणाची महापालिकेच्या शाळेत. वाडे पाडून तिथे इमारती उठल्या तेव्हा काही दिंड्यांची मोठी अडचण झाली. काही ठिकाणी नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये त्याच दिंडीला त्याच घराण्याने जागा करून दिली. ट्रक आदल्या रात्रीच येतात. नवमीला दुपारी चुली पेटतात, पिठले-भाकरी किंवा भात-आमटी उरकते. दशमीला पेठांतून फिरले तर गटई कामगार वारकऱ्यांच्या चपला फुकट शिवून देताना दिसतात, नाभिक संघटनांचे लोक दाढ्या करतात, छत्र्या दुरुस्त होतात, विद्यार्थी पाय चोळून देतात. बऱ्याच वारकऱ्यांसाठी पंढरपूरपर्यंतच्या वाटेवरचा हा एकमेव मोठ्या शहरातला दिवस. औषधे घेणे, चष्मा दुरुस्त करणे, पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला भेटणे, ही कामे याच दिवशी उरकतात.

या मुक्कामाला एक कडवट बाजूही होती. वारीत सगळे समान, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की जुनी व्यवस्था विसरली जाते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांच्या दिंड्या अश्वांच्याही पुढे, रथापासून लांब चालत. दिंड्या बऱ्याच प्रमाणात जातवार, त्यांचे स्वयंपाक वेगळे, पंगती वेगळ्या. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले झाले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींनी त्यासाठी प्राणांतिक उपोषण केल्यावर. तोवर चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावे लागे. तुकोबांच्या पालखीची देहू सोडल्यावरची पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हा उल्लेख सलोख्याचे उदाहरण म्हणून नेहमी केला जातो आणि तो योग्यच आहे. पण दर्ग्यापाशी थांबणाऱ्या सोहळ्यात आपल्याच माणसांना अंतरावर चालवले जात होते, हेही त्याच इतिहासात आहे.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नवमीच्या चालीला एक नवी गर्दी मिळाली. आळंदी ते पुणे एवढेच चालणारे लोक. सुरुवात झाली ती आयटी दिंडीपासून. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतले तरुण सुट्टी टाकून आळंदीला येऊ लागले. आता कॉलेजांचे गट असतात, सोसायट्यांचे असतात, परदेशातून त्या आठवड्यात मुद्दाम आलेले पुणेकरही असतात. जुने वारकरी यांच्याकडे कौतुकाने बघतात, कधी हसतातही. टाळ हातात आहे पण ठेका माहीत नाही, टोपी आहे पण बूट तीन किलोमीटरवर चावायला लागतात. एका दिवसाच्या वारीला वारी म्हणावे का, यावर वाद घालणारे दोन्हीकडे आहेत. मला त्यात फारसे वावगे दिसत नाही, एक अट सोडून: दिंडीच्या ओळीत घुसून सेल्फी काढू नये. टाळकरी पावली खेळत असतो, त्याचा तोल जातो.

२०२० मध्ये पालखी पुण्यात आली नाही. करोनाच्या बंदीत प्रस्थान मोजक्या माणसांत झाले, पादुका आळंदीत आणि देहूतच राहिल्या आणि ३० जूनला, आषाढ शुद्ध दशमीला, एसटीने पंढरपूरला गेल्या. १ जुलैला एकादशी होती. २०२१ मध्येही एसटीच. औरंगजेबाची छावणी, पटकी, दुष्काळ, यातून चाललेल्या सोहळ्याला दोन वर्षे चालता आले नाही. त्याच नोव्हेंबरात, २०२१ च्या ८ तारखेला, दोन्ही पालखी मार्गांचे राष्ट्रीय महामार्ग म्हणून भूमिपूजन झाले. कडेला पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी हा त्या कामाचा भाग आहे. पुण्याच्या आत मात्र असे काही करता येण्यासारखे नाही. तिथे एका दिवसापुरती वाहने थांबवणे हाच उपाय, आणि तो दरवर्षी होतो.

एकादशीला सकाळी दोन्ही पालख्या पुणे सोडतात आणि हडपसरपर्यंत एकाच दिशेने जातात. तिथे वाटा फुटतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे सोलापूर रस्त्याने, पुढे यवत, बारामती, इंदापूर, अकलूज. माउलींची उजवीकडे वळून दिवे घाटाने सासवडला. उपवासाच्या दिवशी घाट चढायचा आणि अंतर तीस किलोमीटरच्या वर, म्हणून हा टप्पा सगळ्यांत जड. पुढे जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान, लोणंद, फलटण. सन १६८५ ला एकाच पालखीत निघालेल्या पादुका शहरात दोन रात्री दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतात, तशा पुन्हा एका गावात येतात त्या थेट पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला.

आषाढी पौर्णिमेचा काला झाला की पालख्या माघारी फिरतात. परतवारी म्हणतात ती हीच, तोच सोहळा उलट दिशेने. दिंड्यांतले बहुतेक लोक पंढरपूरहूनच एसटीने शेतावर परतलेले असतात, पेरणीनंतरची कामे खोळंबलेली असतात. राहतात ते मानकरी, चोपदार, रथाचे बैल आणि थोडे नेमाचे वारकरी. चाल भरभर, मुक्काम आटोपशीर. आषाढ वद्यात केव्हातरी पालख्या पुन्हा पुण्यात येऊन त्याच दोन देवळांत उतरतात. मंडप नसतात, महापालिकेचा स्वागतकक्ष नसतो, लक्ष्मी रस्ता पूर्ण बंद होत नाही आणि वर्तमानपत्रात बातमी आली तर आतल्या पानावर दोन ओळींची. ज्यांना नवमीच्या रेटारेटीत रथही धड दिसला नाही आणि नगारा, अश्व, दिंडी, रथ हा क्रम सावकाश बघायचा आहे, त्यांनी परतवारीची तारीख देवळात विचारून ठेवावी.